लाल बूट की चांदीचे पैंजण? सांगलीतल्या एका विज्ञान-चित्रकथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत मुलांचा एक छोटा दिवाळी अंक निघतो. संपादकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मी त्या अंकाचं मुद्रितशोधन करतो आणि कागदपत्रांची फाइल सांभाळतो. ही हकीकत त्या फाइलीतली. संबंधितांना विचारून लिहिली आहे, नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

अंकात गोष्टी, कविता, कोडी असतात. चित्रकथा कधी नव्हती, कारण चित्रकथा म्हणजे रंगीत पानं. छपाई सोळा पानांच्या फॉर्मवर मोजतात आणि एक फॉर्म चार रंगांत जाणार म्हटलं की अण्णांच्या कपाळाला आठी पडते. त्या वर्षी मात्र दोन रंगीत फॉर्म द्यायचं ठरलं. बत्तीस पानं. त्याला कारण ताईंची कल्पना.

ताई तासगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. वावटळीने घरासकट उडून गेलेली मुलगी, तिचा कुत्रा, पिवळा रस्ता, वाटेत भेटणारे तीन सोबती (बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह) आणि पडद्यामागचा जादूगार ही 'विझर्ड ऑफ ऑझ' नावाची अमेरिकेतली जुनी परीकथा त्यांना बाविसाव्या शतकातल्या सांगलीत आणायची होती. वावटळीऐवजी महापूर. लोक तरंगत्या घरांत राहतात, घरं साखळ्यांनी आयर्विन पुलाला बांधलेली. पहिल्या पानावर फक्त पुलावरची मोजपट्टी: ४० फूट, ४५ फूट, ५७ फूट. सांगलीच्या पोराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि ५७ म्हणजे २०१९ च्या ऑगस्टचा महापूर. चौथ्या चौकटीत साखळी तुटते आणि बनी नावाची मुलगी मोत्या कुत्र्यासह कृष्णेबरोबर पूर्वेला वाहत निघते.

पिवळा रस्ता हळदीचा. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. ताईंच्या गोष्टीत त्याच पेवांतली हळद वाट दाखवते. हळद आम्लारीत लाल होते हे शाळेतलं विज्ञान, घरातलंही. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते त्यामुळेच. म्हणून रस्ता पिवळा आहे तोवर जमीन चांगली, लाल झाला की चोपण. उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं ज्यांनी मिरज-वाळव्यात पाहिली आहेत, त्यांना हे पान कळायला वेळ लागणार नाही. मला विचाराल तर चित्रकथेतली सगळ्यात चांगली कल्पना हीच.

चित्रकार मिरजेचा, पंचविशीतला. दिवसा एका दुकानात फ्लेक्सची डिझाइनं करतो, चित्रकथा रात्री.

अडचण कुठे आली

श्रावण संपत आला तेव्हा बावीस पानांवर शाई चढली होती, चौदा रंगवून झाली होती. अण्णांनी ती पानं ओळखीच्या एका वकीलबाईंना दाखवली, सल्ल्यासाठी नव्हे, कौतुकासाठी. त्यांनी पानं शांतपणे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"मूळ पुस्तक तुमच्यापैकी कुणी वाचलंय?"

कुणीच वाचलं नव्हतं. ताईंनी लहानपणी मराठीतलं एक संक्षिप्त रूपांतर वाचलं होतं. चित्रकाराने चित्रपटाचे तुकडे मोबाइलवर पाहिले होते. अण्णांना गोष्ट ताईंनी सांगितली तेवढीच ठाऊक, आणि मला अण्णांनी सांगितली तेवढी.

मग एकेक निघत गेलं. बनीच्या पायांत चमचमते लाल बूट होते. खलनायिकेचा चेहरा हिरवागार होता. दोन्ही गोष्टी १९३९ च्या चित्रपटातल्या. १९०० साली आलेल्या मूळ पुस्तकात बूट चांदीचे आहेत. रंगीत पडद्यावर पिवळ्या रस्त्यापुढे उठून दिसावेत म्हणून चित्रपटवाल्यांनी ते लाल केले. आणि सोबत्यांपैकी दोघांची मराठी नावं ताईंच्या लहानपणच्या रूपांतरातून जशीच्या तशी आली होती. ताईंना ती स्वतःची वाटत होती. चाळीस वर्षं डोक्यात राहिलेलं नाव आपलंच वाटणार.

कायदा थोडक्यात असा. पुस्तकाचे लेखक एल. फ्रँक बॉम १९१९ मध्ये वारले, मूळ चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो १९१५ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे पुस्तक केव्हाच सर्वांचं झालं. अमेरिकेत ते १९५६ मध्येच मोकळं झालं. चित्रपटाचं तसं नाही. भारतात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं, अमेरिकेत मात्र १९३९ च्या चित्रपटाला ९५ वर्षं, म्हणजे २०३४ संपेपर्यंत. पुस्तक मोकळं असलं तरी चित्रपटाने घातलेली भर मोकळी होत नाही, असा निकाल तिथल्या एका अपील न्यायालयाने २०११ मध्ये याच चित्रपटाबाबत दिला आहे. आणि मराठी रूपांतर हा स्वतंत्र हक्क. रूपांतरकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं त्याचे शब्द त्याचे.

"म्हणजे गोष्ट फुकट, पण बूट नाहीत?" अण्णा म्हणाले.

"इथल्या इथे अंक विकलात तर बुटांवरून कुणी दारात येईल असं मला वाटत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण पोरगा हे मोबाइलवर टाकणार म्हणतोय ना? मग ते अमेरिकेतही गेलंच की. आणि नावांचा प्रश्न तर इथलाच आहे."

समोर असलेले पर्याय

अण्णांचा पहिला कौल होता तो आहे तसं छापायचा. आपला अंक कोण बघतंय, हा त्यांचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच पोकळ नव्हता. पण शाळांमध्ये अंक विकायचा आणि आत दुसऱ्याने दिलेली नावं छापायची, हे ताईंना पटेना.

चित्रकथा यंदा सोडून द्यावी आणि ती पानं गोष्टींनी भरावीत, असं मी सुचवलं. दोन रंगीत फॉर्मचे पैसे वाचले असते. ताई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसरी सूचना चित्रकाराची: नावं बदलू, बुटांना निळा रंग देऊ, चेहरा जांभळा करू, संपलं. हे एका आठवड्यात झालं असतं. गणपती तोंडावर आले होते, फ्लेक्सच्या दुकानात मंडळांची रांग लागली होती, त्याला रात्रीचे दोन-तीन तास मिळत होते. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

वकीलबाईंनी यातलं काहीच नको म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रंग बदलण्याआधी पुस्तक तरी वाचा." हक्क संपलेला असल्याने ते मोफत वाचायला मिळतं. ताईंनी शनिवार-रविवारात संपवलं आणि सोमवारी शाळा सुटल्यावर थेट अण्णांच्या घरी आल्या. त्यांच्या हातात अकरा पानांची टिपणं होती.

पुस्तकात काय सापडलं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण निर्णय इथे फिरला.

जादूगाराची पाचूंची नगरी पुस्तकात हिरवी नाहीच. दारात प्रत्येकाला हिरव्या काचांचा चष्मा घालतात आणि त्याला कुलूप लावतात, म्हणून सगळं हिरवं दिसतं. १९०० साली लिहिलेलं हे. आज मुलांच्या डोळ्यांवर चढू पाहणाऱ्या आभासी चष्म्यांची गोष्ट करायला वेगळं काही जुळवावं लागणारच नव्हतं. चित्रपटात हे चष्मे गाळले आहेत, त्यामुळे आमच्या पानांतही ते नव्हते. तिथे चित्रकाराने हिरवे मनोरे काढले होते.

जादूगार चौघांना चार वेगळ्या रूपांत दिसतो: मुलीला प्रचंड डोकं, बुजगावण्याला सुंदर स्त्री, पत्र्याच्या माणसाला भयंकर जनावर, सिंहाला आगीचा गोळा. ज्याच्या त्याच्या पडद्यावर त्याला हवं किंवा नको तेच येतं, हे आमच्या पिढीला समजावून सांगायला भाषण लागतं. मुलांना चार चौकटी पुरतात.

आणि पत्र्याचा माणूस. तो मुळात हाडामांसाचा लाकूडतोड्या. मंतरलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडत जाते आणि लोहार तिथे पत्रा बसवत जातो, शेवटी सगळाच पत्रा. ताईंनी कुऱ्हाडीच्या जागी कोयता ठेवला. ऊसतोडीला आलेला मजूर, कारखान्याने एकेक अवयव बदलून दिलेला, आगाऊ घेतलेली उचल मात्र फिटलेली नाही. आधीच्या पानांत तो नुसता विनोदी रोबो होता.

सिंहाचा बिबट्या आधीच झालेला होता, उसात राहणारा आणि माणसांना घाबरणारा. शिराळ्याकडच्या पोरांना तो तसाच माहीत आहे, त्यामुळे तो राहिला.

काय केलं

रंगवलेल्या चौदा पानांपैकी नऊ बाद करायची ठरली. हे चित्रकाराला कुणी सांगायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी ताईंनीच सांगितलं.

"ताई, नऊ पानं म्हणजे अठरा रात्री," तो म्हणाला. "गणपतीत कुठनं आणू?"

"विसर्जनानंतर दे की. अण्णा थांबतील."

अण्णा थांबायला तयार नव्हते. छापखान्याची तारीख ठरलेली आणि जाहिरातदारांना अंक धनत्रयोदशीच्या आधी हातात हवा. तडजोड अशी झाली की बत्तीस पानांची गोष्ट दोन भागांत करायची, यंदा सोळाच पानं द्यायची. दुसऱ्या रंगीत फॉर्मचे पैसे वाचल्यावर अण्णांची आठी थोडी सैलावली. माझ्या मते हा घाईतला आणि निम्मा चुकीचा निर्णय होता. त्याकडे पुढे येतो.

बुटांचा वाद सगळ्यात लांबला. चित्रकाराला लाल सोडवत नव्हता, कारण पिवळ्यावर लाल उठतो, आणि चित्रपटवाल्यांनाही तेच वाटलं होतं. चांदी तर छापायची कशी? चार रंगांत चांदी राखाडी येते, खरी चमक हवी तर पाचवी शाई लागते, तिचा खर्च वेगळा. इथे ताईंचा हळदीचा रस्ता कामाला आला. "तुझ्या पानावर लाल म्हणजे चोपण," त्या म्हणाल्या. "बनीच्या पायात लाल घातलास तर पोरं तिलाच धोका समजतील." हा मुद्दा त्याला कायद्यापेक्षा लवकर पटला. दुसऱ्या दिवशी तो बूटच काढून टाकून आला. बनीच्या पायांत चांदीचे पैंजण, हुपरीचे असतात तसे. शाई न वापरता त्याने तिथे कागद पांढरा सोडला होता, भोवती बारीक काळी रेघ. भरल्या पिवळ्या पानात तो पांढरा असा चमकतो की पाचव्या शाईची आठवण होत नाही. शिवाय पैंजण वाजतात. तीनदा पाय आपटला की घर, हे पुस्तकातल्या बुटांच्या टाचा तीनदा आपटण्याचंच. पण बूट वाजलेला कागदावर ऐकू येत नाही, 'छुम्' येतो.

नावं ताईंनी नवी ठेवली. रूपांतरकाराचा शोध घेऊन परवानगी मागण्याचाही विचार झाला होता, पण तेवढा वेळ नव्हता.

जादूगारावर खरं भांडण झालं. ताईंच्या संहितेत जादूगार म्हणजे धरणाचे दरवाजे चालवणारा जुना संगणक. सगळे त्याला घाबरतात, पण प्रत्यक्षात त्याला पाऊस कळत नाही आणि नदीही कळत नाही. बनी कृष्णेबरोबर वाहत जाते म्हणजे ते धरण कर्नाटकातलं अलमट्टी, हे नकाशा पाहणाऱ्याला कळणारच. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला इकडे पुराच्या भीतीने किती विरोध आहे हे सांगलीत नव्याने सांगायला नको. अण्णा म्हणाले, पोरांच्या अंकात हे नको, उद्या कुणी एका बाजूने ओढेल, कुणी दुसऱ्या. ताईंचं म्हणणं, नाव नाही घेतलं तरी मुलं ओळखतील. शेवटी नाव गाळलं, दरवाजे ठेवले. मी तेव्हा अण्णांच्या बाजूने होतो. आता वाटतं की नाव असतं तर मुलांनी घरी जाऊन प्रश्न विचारले असते, आणि अंकाला दुसरं काय हवं असतं?

अक्षरांची भानगड वेगळीच. चित्रकाराने फुग्यांतला मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. छापखान्याच्या संगणकावर फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर 'आयर्विन' फुटला. रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. मग युनिकोडमध्ये सगळं पुन्हा टाइप केलं, तर फुगे अपुरे पडले. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, ओळीओळींत अंतर जास्त लागतं. इंग्रजी चित्रकथा पाहून काढलेल्या फुग्यांत ते मावत नाही. घाईत त्याने मजकुराची बाह्यरेखा करून फाइल पाठवली. अक्षरं फुटायची थांबली, पण आता ती अक्षरं उरली नव्हती, चित्रं झाली होती, आणि मला सापडलेल्या सहा चुका तशाच छापल्या गेल्या. त्यांतली एक आठव्या पानावर आहे. ती मला अजून दिसते.

पुढे काय झालं

अंक वेळेवर आला. सोळा पानं मुलांना आवडली. तक्रार एकच आली, आणि ती सगळीकडून: गोष्ट चष्म्याला कुलूप लागतं तिथे थांबते. दोन भागांचा निर्णय निम्मा चुकीचा होता म्हणालो तो यासाठी. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकात 'पुढील भागी' लिहिणं म्हणजे चौथीतल्या मुलाला पाचवीत उत्तर देणं.

दिवाळीनंतर एका मोबाइल ॲपकडून विचारणा आली, चित्रकथा दाखवू म्हणाले. त्यांनी पाठवलेल्या करारात सर्व हक्क, सर्व देश, कायमचे, असं होतं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आमच्यातच काही लिहिलेलं नाही. अण्णांना वाटत होतं अंकात छापलं म्हणजे अंकाचं. ताईंना वाटत होतं गोष्ट त्यांची. चित्रकार काही बोलला नाही, पण नऊ पानं दोनदा काढली होती त्याने. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मुळात एक कागदच नव्हता. वकीलबाईंनी दोन पानांचं मराठी करारपत्र करून दिलं: अंकाला एकदा छापायचा हक्क, बाकी लेखिका आणि चित्रकार निम्मे-निम्मे, दोघांच्या सहीशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. ॲपला नकार कळवला. ताईंना हायसं वाटलं. चित्रकाराला वाईट वाटलं, आणि ते मी समजू शकतो; फ्लेक्सच्या दुकानातून बाहेर पडायचा तो एक दरवाजा होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, मूळ पुस्तक पहिल्या चौकटीआधी वाचायचं. कायद्याची भीती हे त्याचं छोटं कारण. आम्ही ज्याला मूळ गोष्ट समजून बदलत होतो ती आधीच दुसऱ्यांनी बदललेली होती, त्यामुळे आमचे बदल त्यांच्या बदलांना ठिगळ लावल्यासारखे होत होते. करारपत्र पहिल्या बैठकीत, चहाच्या आधी. फुगे मजकूर टाइप करून झाल्यावर काढायचे, उलट नाही. आणि रूपांतरकाराला पत्र लिहायचं, नावं वापरायची नसली तरी. ते पत्र अजून माझ्या फाइलीत कोरंच आहे.

एका निर्णयाबद्दल मात्र कुणाला पश्चात्ताप नाही. तो दुसऱ्या भागाच्या शेवटचा. चित्रपटात सगळं स्वप्न निघतं. अण्णांना तसंच हवं होतं. पुराची गोष्ट आहे, पोरं घाबरतील, जागी झाली की घर तिथेच असू दे म्हणाले. पुस्तकात स्वप्न नाही. घर खरंच गेलेलं असतं, आणि मुलगी परत येते तेव्हा काकांनी नवं बांधलेलं असतं. ताईंनी अण्णांना विचारलं, २०१९ ला तुमचे जुने अंक भिजले ते स्वप्नात का? अण्णा गप्प बसले. शेवट पुस्तकासारखा ठरला.

त्या शेवटच्या पानाचं कच्चं रेखाटन ताईंनी त्यांच्या वर्गात दाखवलं. नवं घर, दारात काकू, बनी पळत येतेय, पायांत पैंजण उरलेले नाहीत. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, हे नवीन घर किती फुटांवर बांधलंय?"

आम्ही तो आकडा काढलाच नव्हता. आता जोत्यावर बारीक अक्षरांत लिहायचं ठरलंय. किती लिहायचा, यावर ताई आणि चित्रकार यांचं अजून जमत नाही.